डोंगरावरची गर्दी

(नगर कार्यालय. टेबलाच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा. एका बाजूला मनिलाहून आलेले संशोधक डॉक्टर वेर्सोसा, दुसऱ्या बाजूला तिनुबो गावच्या प्रमुख, कपिताना लिओनिसा.)

डॉक्टर : ...आणि तरीही तुमचं म्हणणं असं, की तिनुबोत कुणी घराबाहेर पडत नाही.

कपिताना : कुणी म्हणजे कुण्णी नाही! दारोदार ओरडत मीच फिरते ना.

डॉक्टर : मोबाईल कंपनीकडून आलेला हा नकाशा पाहा. नावं नाहीत, नुसते ठिपके. एक ठिपका म्हणजे एक फोन. रोज सकाळी तुमच्या गावचे चाळीसएक ठिपके एकत्र डोंगर चढतात. टाळेबंदीच्या परिभाषेत याला जमाव म्हणतात.

कपिताना : ठिपक्यांनी मास्क लावले होते का?

डॉक्टर : कपिताना, संध्याकाळी माझा अहवाल महापौरांकडे जाईल. तो असाच गेला, तर तुमच्या गावची नाकाबंदी आणखी दोन आठवडे वाढेल.

कपिताना : दोन आठवडे? अहो, आंबा उतरायला आलाय! व्यापाऱ्याचा ट्रक आत आला नाही तर वर्षाची कमाई झाडाखाली सडेल. माणसं काय खातील?

डॉक्टर : मग एवढंच सांगा. रोज दुपारी हे चाळीस जण एकाच डबक्यात तासभर बसून काय करतात?

कपिताना : डबक्यात? अगं बाई... ती मिंगाय!

डॉक्टर : मिंगाय म्हणजे? एखादा पंथ?

कपिताना : माझी म्हैस! गावात रेंज नाही, ती डोंगरावर मिळते. आधी जो तो आपला फोन घेऊन वर जायचा. बंदी आली तशी मी म्हटलं, मिंगाय चरायला जातेच आहे. तिच्या पाठीवर टोपली बांधली, वरून प्लास्टिक गुंडाळलं. सकाळी फोन वर जातात, संध्याकाळी हाँगकाँगला कामाला गेलेल्या लेकीबाळींचे निरोप घेऊन खाली येतात. माणूस एक हलत नाही.

डॉक्टर : आणि डबक्यात फोन भिजत नाहीत?

कपिताना : पाठ कोरडी राहते तिची. एकदाच एक भिजला. तो पाद्रीबाबांचा होता, म्हणून बरं. शिव्या देता येईनात त्यांना.

डॉक्टर : गोष्ट रंजक आहे. परंतु रंजक असणं हा पुरावा नव्हे.

कपिताना : मग रविवार बघा. रविवारी तिला सुट्टी असते.

डॉक्टर : ...रविवारी एकही ठिपका नाही. त्यावर मी शेरा लिहिला होता : 'समाज धर्मभीरू.'

कपिताना : मिंगायला सांगेन हं, खूश होईल.

डॉक्टर : थांबा. गेल्या मंगळवारी हे सगळे वाट सोडून, नदी ओलांडून, शेजारच्या वाडीत गेले. तेही धावत. आणि दोन तास तिथून हलले नाहीत.

कपिताना : तिकडं क्रिसांतोंचा रेडा आहे.

डॉक्टर : मी शेरा लिहिलाय, 'बहुधा विवाहसमारंभ.'

कपिताना : फार चुकला नाहीत.

डॉक्टर : फोन हलला म्हणजे माणूस हलला, हे माझं गृहीतक. ते मी तपासून पाहिलं नाही. खोडतो. 'हालचाल : म्हैस, एक. नाकाबंदी उठवण्यास हरकत नाही.'

कपिताना : देव तुमचं भलं करो, डॉक्टर! आंब्याची पहिली पेटी तुमच्या घरी.

डॉक्टर : पेटी नको. तिचीही नोंद करावी लागेल. मात्र शिस्त कशी असावी हे पलीकडच्या मालुमायकडून शिका. कोंबड्यांच्या झुंजींसाठी एवढं बदनाम गाव, पण महिनाभरात एकही फोन उंबरठ्याबाहेर पडलेला नाही.

कपिताना : झुंजीला फोन कोण नेतंय! धाड पडली की पळताना पहिला तोच खिशातून पडतो, असं आमचे हे सांगतात.

डॉक्टर : तुमचे यजमान मालुमायला जातात? नाकाबंदीत?

कपिताना : छे हो! त्यांचा फोन तर रोज डोंगरावर असतो. तुम्हीच पाहिलात ना?