मावशीचं गाणं आणि डीजेचा दावा

अरे, आमच्या मुरबाडच्या मावशीचं ऐकलंत का? ती धवलेरी, म्हणजे लग्नात गाणी म्हणणारी. स्वतः रचते, स्वतः गाते. यंदा तिचं एक गाणं मी नेटवर टाकलं, तर दुसऱ्याच दिवशी कॉपीराइटचा दावा आला म्हणून ते उडवलं गेलं. कल्याणच्या एका डीजेने ते आपल्या नावावर केलं होतं! कुठल्याशा लग्नात मावशीलाच रेकॉर्ड करून!

मी वकील शोधायला लागलो.

मावशी म्हणाली, "वकील कशाला रे? त्याला फोन लाव."

त्याचा नंबर त्याच्या चॅनलवर होताच. मी लावला. मावशीने विचारलं, "बाला, गाना तुजा ना? मंग पुढचा कडवा म्हन बरं."

तो म्हणाला, "आजी, मला एवढंच रेकॉर्ड करता आलं."

मावशीने पुढची सहा कडवी गायली. शेवटच्यात त्याचं नाव गुंफून त्याच्या चोरीची अशी टर उडवली, की तोच हसत सुटला. दावा त्याने तेव्हाच मागे घेतला. वर विचारतो, "आजी, माझ्या लग्नात गाल का?"

मावशी म्हणाली, "गाईन रे. पन नवरी तरी तुजीच हाय ना?"