मेजवानीपायी बाहेर काढलेली पोती

आपल्या मच्छीमार संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष योसिप बारचिच, ज्यांना आपण आज निरोप देतोय ते सॅमनची पिल्लं वाढवणाऱ्या आपल्या हॅचरीचे व्यवस्थापक डेल ऑस्टगार्ड, व्यासपीठावरचे फादर, आणि जेवणाच्या वासाने मागे चुळबुळणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

शुक्रवार, १२ एप्रिल, सकाळचे साडेदहा. त्या वेळी आपल्या हॅचरीच्या शीतघरातून माशांच्या खाद्याची पोती बाहेर निघाली आणि बॉयलरच्या उबदार खोलीत रचली गेली. कशासाठी? आजच्या मेजवानीचे सॅमन ठेवायला जागा हवी होती म्हणून. तेव्हापासून इतके आठवडे पोती तिथंच आहेत, आणि पिल्लांना तेच खाद्य जातंय.

डेल, तुझं कौतुक करायला मला बोलावलंय, ते आधी करते. पुराच्या वर्षी तू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जाळ्या धरून ठेवल्यास. पिल्लांचा विभाग तेव्हा माझ्याकडे होता. मी तुला कॉफी पाजली, शिव्याही दिल्या. दोन्ही मनापासून.

आता उरलेलं. परवा मी त्या पोत्यात हात घातला. ऑइलपेंटसारखा वास! शाळेच्या स्वयंपाकघरात सिस्टर फिलोमिना आम्हा मुलींना सांगायच्या, "आधी वास घ्या, मग वाढा." मी डेलला म्हटलं, "अरे, यातलं तेल खवट झालंय."

"व्हिन्काताई, पिल्लं खातायत ना? बघा कशी गुटगुटीत आहेत."

"माझा नवराही गुटगुटीत होता. जिना चढताना गेला."

हसू नका. दरवर्षी नदीत सोडण्याआधी आपण थोडी पिल्लं खाऱ्या पाण्याच्या टबात ठेवतो. समुद्र सोसेल का, ते तिथंच कळतं. यंदा दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी पोट वर करून तरंगत होती. डेल म्हणाला, टब कुणीतरी साबणाने धुतला असेल. मग टब मी स्वतः घासला. दुसऱ्या खेपेलाही तेच.

तरी येत्या गुरुवारी पिल्लं नदीत सोडायचीच! कारण रविवारी बोटींना आशीर्वाद देण्याचा सण, आणि अध्यक्षांना भाषणात मोठा आकडा हवा. योसो, मान हलवू नकोस, चौथीतही अशीच हलवायचास. सोडलेले मासे तू मोजतोस. समुद्रातून परत न आलेले कोण मोजतं? रिकामी जाळी ओढणारा माझा भाचा. आणि या सभागृहातली निम्मी घरं.

आता ताटं येतील. त्यातला मासा याच हॅचरीतला. लहानपणी धड खायला मिळालं, म्हणून समुद्र झेलून घरी आला. त्याच्यासाठी जागा करताना आपण यंदाच्या पिल्लांच्या तोंडचा घास नासवला.

डेल, सुखी राहा. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझं बोलणं कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. ते खाद्य मात्र कुणाच्याही पोटात घालू नका. गुरुवारचं सोडणं थांबवलं, पोती फेकली, ताजं खाद्य सुरू केलं आणि टबात पिल्लं तगल्याशिवाय एकही नदीत जाणार नाही, हे अध्यक्षांच्या सहीनिशी, लेखी, सोमवारी दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.