ढवळीच्या पायातली लाल पट्टी

(गोठा. चिमणीचे बाबा संध्याकाळच्या धारा काढत आहेत. चिमणी ही घरची मुलगी, वय वीस. ताई तिची चुलत बहीण, गेल्या वर्षीची दूधदूत, म्हणजे दुधाची माहिती देत वर्षभर शाळांत फिरायला निवडलेली मुलगी. उद्या यंदाच्या निवडीसाठी चिमणीची मुलाखत आहे आणि ताई तिची तयारी करून घेत आहे.)

ताई : ते नको. "मला लहानपणापासून गाईंची आवड आहे" हे तर नकोच नको. गेल्या वर्षी आम्ही अकराजणी होतो, त्यातल्या नऊजणींनी हेच ऐकवलं. एक परीक्षक चक्क जांभया देत होते.

चिमणी : मग तू काय सांगितलंस?

ताई : खरं ते. म्हटलं, मला गाईंची भीती वाटायची, अजूनही थोडी वाटते. आले की निवडून! वर्षभर दूधदूताचा पट्टा खांद्यावर टाकून शाळा पालथ्या घातल्या. दूध पिशवीत तयार होत नाही, हे पोरांना सांगून सांगून घसा बसला. निम्म्यांना अजून पटलेलं नाही.

बाबा : ती बादली इकडे सरकव गं.

ताई : काका, मी सध्या परीक्षक आहे. परीक्षक बादल्या सरकवत नाहीत.

बाबा : मग परीक्षकांनी शेपटीच्या टप्प्यातून तरी बाजूला व्हावं.

ताई : मला काय गाई नवीन आहेत का? अगं आई गं! आजच इस्त्री केली होती.

बाबा : मी सांगितलं होतं.

ताई : हसू नकोस, सरळ उभी राहा. हात मागे नको, चोरी पकडल्यासारखी दिसतेस. हं, आपण सकाळी किती वाजता उठता?

चिमणी : चार वाजता.

बाबा : कोण?

चिमणी : बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका ना.

बाबा : नाही, मी आपलं सहज विचारलं. चारला मला इथे कुणी भेटत नाही म्हणून.

ताई : साडेपाच सांग. साडेपाच खरं वाटतं.

चिमणी : साडेपाच खरंच आहे.

बाबा : परीक्षा असली की.

ताई : काका, तुमची ती पुढची गाय वाट बघतेय, जा बरं. आता महत्त्वाचा प्रश्न. तुमच्या गोठ्यातलं दूध चांगलं आहे, हे लोकांनी कशावरून मानायचं?

चिमणी : गाईला औषध चालू असलं की आम्ही तिच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधतो. पट्टी दिसली की तिचं दूध वेगळ्या बादलीत. बाकीच्या दुधात एक थेंबसुद्धा जाऊ देत नाही, कारण औषध उतरलेलं एका गाईचं दूध सगळ्या गावाचं दूध नासवतं. धार कुणीही काढो, घरचा असो की पाहुणा, आधी पायाकडे बघायचं.

ताई : याला म्हणतात उत्तर! हे असंच म्हण. आता शेवटचा, आणि हा हमखास विचारतात. तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. इथे डोकं वापरायचं. चूक अशी हवी की ऐकणाऱ्याला कौतुक वाटावं. मी सांगितलं होतं, पहिलीत असताना वासराला माझा डबा खाऊ घातला.

चिमणी : खरंच घातला होतास?

ताई : डबा वासरानेच पळवला होता. तुझी चूक बोल.

चिमणी : माझी एकच आहे. चौथीत होते. शाळेत वर्गाचा फोटो काढणार होते आणि माझी रिबीन सापडेना. सगळ्या मुली नटून येणार. ढवळीच्या पायाला होती, ती सोडून घेतली.

ताई : काय सोडून घेतलंस?

चिमणी : लाल पट्टी.

ताई : गाईच्या पायातली? आणि केसात घातलीस?

चिमणी : साबणाने धुतली होती. दोनदा.

ताई : शी गं! पण गोड आहे हां, परीक्षकांना आवडेल. थांब. चौथीत म्हणजे अकरा वर्षं झाली. अगं, तो टँकर?

चिमणी : तोच. ढवळीच्या कासेला सूज होती, औषध चालू होतं. बाबा तापाने झोपले होते म्हणून त्या दिवशी मामा धारा काढायला आला. त्याला कुठल्याच पायाला पट्टी दिसली नाही. त्याने ढवळीचं दूध सगळ्यात ओतलं, ते गेलं दूध केंद्रावर, तिथून गावाच्या टँकरमध्ये. तपासणीत औषध सापडलं आणि आख्खा टँकर ओतून द्यावा लागला.

ताई : पण काका तर म्हणाले होते, पट्टी बांधायला मीच विसरलो.

चिमणी : हो. मला वाटलं, बाबांना खरंच तसं वाटतंय. म्हटलं, वाचले. पट्टी शेणाच्या खड्ड्यात टाकली आणि गप्प बसले. अजूनही आपलं दूध केंद्रावर बाजूला काढून आधी तपासतात, ताई. बाकीचे कॅन ओतून घरी जातात आणि बाबा रोज तपासणी होईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहतात.

ताई : अगं वेडाबाई, उद्या मुख्य परीक्षक कोण आहेत ठाऊक आहे ना? तो टँकर तपासणाऱ्या त्याच बाई. काकांवर "निष्काळजी" हा शेरा त्यांनीच मारला होता.

चिमणी : म्हणून तर त्यांनाच सांगायचंय.

ताई : मग पट्टा गेला असं समज. हातातोंडाशी आलेला घास घालवतेस. काका, तुम्ही तरी सांगा हिला. काका?

बाबा : मी विसरलो नव्हतो.

चिमणी : काय?

बाबा : पट्टी मी बांधली होती. चांगल्या दोन गाठी मारून. नंतर सगळा गोठा शोधला, गव्हाणीत बघितलं, शेण उकरलं. शेवटी वाटलं, गाईनेच खाल्ली. डॉक्टरांना जाऊन विचारलं, गाईने पट्टी खाल्ली तर काय होतं. ते माझ्याकडे बघतच राहिले.

ताई : मग?

बाबा : मग हिच्या शाळेतून फोटो आला. दुसऱ्या दिवशी चौकशी होती. तिथे सांगून टाकलं, विसरलो म्हणून.

ताई : म्हणून भिंतीवर चौथीचा फोटो नाही! तिसरीचा आहे, पाचवीचा आहे.

चिमणी : आई म्हणाली होती, त्या वर्षी फोटोवाल्याचा रोल खराब झाला.

बाबा : मीच सांगायला लावलं तिला. बाई तेव्हा घरी यायच्या पाहणीला. नेमक्या भिंतीसमोर बसायच्या.

चिमणी : मला का नाही विचारलंत?

बाबा : नऊ वर्षांची होतीस. गावाची तोंडं मला झेपतात, तुला कुठे झेपली असती? वाटलं, मोठी झाली की आपणहून सांगेल. मग वाटलं, विसरली असेल. म्हटलं, बरं झालं.

चिमणी : एक दिवससुद्धा विसरले नाही, बाबा. तुम्हाला केंद्रावरून उशीर झाला की मी दारातच उभी असायचे.

ताई : मग सांग की, पण पट्टा मिळाल्यावर. दोन दिवसांनी काय बिघडतंय?

चिमणी : बाबांकडे अकरा वर्षं होती, माझ्याकडेही होती. आता अजून दोन दिवस कशाला? आणि वर्षभर मुलांना सांगत फिरायचं, लाल पट्टी बघा, आम्ही किती काळजी घेतो. ते बोलताना मला बाक दिसणार. नाही जमायचं.

बाबा : पट्टा हवाय ना तुला?

चिमणी : खूप हवाय.

बाबा : आणि गेला तर?

चिमणी : रडेन दोन दिवस. मग चारला उठेन.

बाबा : साडेपाच.

चिमणी : बरं, साडेपाच.

बाबा : कपाटात वरच्या खणात माझे स्वेटर आहेत, त्यांच्या खाली फोटो ठेवलाय. तो घेऊन जा. त्या बाई तपासल्याशिवाय काही मानत नाहीत.

ताई : संपलं! काका, मी हिला मुलाखत शिकवायला आले होते, आणि इथे मलाच रडवताय. खरं सांगा, कशी दिसत होती ती पट्टी हिच्या केसात?

बाबा : छान दिसत होती. गाठ तेवढी सैल होती. सकाळी वेणी झाली की माझ्याकडे ये गं, उद्याची रिबीन मी बांधून देतो.