कोस्ताशेठकडची एकादशी

...आणि वर ते भरीत थंड होतं हो! थंड म्हणजे निवलेलं नव्हे. निवलेल्याला निदान पूर्वी कधीतरी ऊब असल्याचा इतिहास असतो. हे मुळातच थंड, थंडच वाढायचं अशा निश्चयाने केलेलं! आणि तुम्हाला सांगतो, मी खानदेशातला माणूस, कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खाऊन मोठा झालेला, आणि मला जळगाव स्टेशनसमोर एका ग्रीक गृहस्थाच्या टेबलाशी बसवून, हातात काटा देऊन, तेच भरीत परदेशी पक्वान्न म्हणून वाढण्यात आलं. संताप यायला हवा होता की नाही? यायला हवा होता. पण मला, खरं सांगतो, काहीच वाटलं नाही.

ग्रीक जळगावात कुठून आला, असं विचाराल. विचारा. कापसाच्या एका विलायती कंपनीचा हा माणूस, नाव कोस्ता. गाठी तपासायला आला, भाव कोसळले, कंपनीने गाशा गुंडाळला, आणि पिंजलेल्या कापसात एखादी सरकी राहून जावी तसा हा राहून गेला. मग त्याने संगमरवरी टेबलं मांडली. आता त्या जागेला म्हणावं काय? खाणावळ म्हणावी तर पाट नाही, पंगत नाही. हॉटेल म्हणावं तर चहा नाही, भजी नाहीत. भोजनगृह म्हणावं, तर जिथे भोजन होतं ते भोजनगृह, आणि त्या दिवशी तिथे भोजन केलं कुणी?... पण ते पुढे. गाव त्याला कोस्ताशेठ म्हणतं, मीही म्हणतो. जन्मभर संस्कृत शिकवून शब्दांशी भांडलो. आता तेही होत नाही.

तर आमची मथुरा. एकुलती एक मुलगी. दोंडाईच्याच्या मंडळींनी ती मॅट्रिक झाली म्हणून नाकारली. वरणगावच्यांनी मान वर करून उत्तर देते म्हणून. आणखी कुणी उंच म्हणून, कुणी नुसतंच ‘कळवतो’ म्हणून. पहिला नकार आला त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. पुढच्याला अर्धपोटी उठलो. नंतर नंतर तर नकाराचा निरोप घेऊन येणाऱ्यालाच ‘बसा, दोन घास खाऊन जा’ म्हणू लागलो. रोज तव्याला लागणाऱ्या बोटाला घट्टा पडतो, मग तवा काय नि पाणी काय! काहीच वाटत नाही.

अशात धुळ्याचे पितांबर वकील. नामांकित सुधारक! मुलगा मगन, तोही वकिलीला लागलेला, शांत, चांगल्या चेहऱ्याचा. वकीलसाहेब कचेरीत बोलावं तसे घरातही बोलतात. मला म्हणाले, “मास्तर, मुलगी म्हणजे काय बाजारातली कालवड आहे? चालून दाखव, वाचून दाखव, दात दाखव! छे, छे, छे! दोन्ही कुटुंबं एका टेबलाशी बसू. स्त्रिया, पुरुष, समोरासमोर. मोकळेपणाने जेवू. त्या कोस्ताकडे, येत्या रविवारी! आम्ही चाळीसगावला गाडी बदलून येतो!” किती उदात्त विचार! मी मान डोलावली. काही वाटलं नाही, पण डोलावली.

घरी येऊन सांगतो तो आमच्या हिने बोटांवर तिथी मोजली आणि कपाळावर हात मारला. ही धुळ्याकडच्या खेड्यातली. घाबरली की थेट अहिराणीत शिरते. “अहो, रविवारले तं एकादशी शे!”

“चूप!” मी म्हणालो. “सुधारकाला एकादशी सांगायची? हे स्थळ घालवायचंय का?”

“मंग काय एकादशीले वांगं खावानं?”

“खायचं नाही. खातो आहोत असं दिसायचं.”

मथुरा दिव्याची काच पुसत होती. म्हणाली, “नाना, म्हणजे खोटं बोलायचं?” मी म्हणालो, “खोटं बोलायचं नाही गं. बोलायचंच नाही.” शब्द मी किती काटेकोर वापरतो पाहा!

आणि मग तो रविवार. ही आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसली, तीही काठावर, व्याह्यांकडे पाठ होईल इतकी तिरपी. आणि डोक्यावरचा पदर इतका पुढे, की तिच्याशी बोलायचं तर पदराशीच बोलावं लागे. कोस्ताशेठ स्वतः वाढायला. केवढ्या त्या मिशा, केवढं ते अगत्य! एकेक बशी टेबलावर येत होती आणि मी मनातल्या मनात निर्णय देत होतो... वांगं, वर्ज्य. त्यात कच्चा लसूण, महावर्ज्य. मोठ्या वालासारखं कडधान्य, वर्ज्य. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, पान चालेल, भात वर्ज्य. पाव! पावाचं तर नावच काढू नका. आणि मुंबईहून डब्यातून आलेली काळी, खारवलेली, करवंदासारखी फळं. ह्यांच्याविषयी शास्त्र गप्प आहे, म्हणून मीही गप्प राहिलो.

“घ्या, मास्तर, संकोच नको!” वकीलसाहेब गरजले.

“आपण घ्या,” मी म्हणालो.

“आपण आधी!”

“छे, आपण!”

शेवटी सगळ्यांनी एकदम काटे उचलले. मी भरीत ताटाच्या ह्या काठावरून त्या काठावर नेलं, तिथे थोडं थापलं, पुन्हा परत आणलं. हिच्या हातातले वाल पदराआड जात होते आणि तोंडापर्यंत पोचत नव्हते. इतक्या सफाईने, की मला माझ्या संसाराविषयी शंका यायला लागली! मथुरा मात्र हात मांडीवर ठेवून सरळ बसलेली, ना खात होती, ना खाल्ल्याचं दाखवत होती. आणि समोर वकीलसाहेब बोलताहेत, “उपासतापासांनी हा देश बुडाला, मास्तर! पोट मारून कुणी मोक्षाला गेलंय?” आणि बोलता बोलता पाव कुस्करताहेत. कुस्करताहेत, कुस्करताहेत... तुम्हाला सांगतो, ताटात चुऱ्याची टेकडी उभी राहिली, पण एक कण ओठाला नाही! मग मी मगनकडे पाहिलं. तो ती काळी फळं एकेक करून कोटाच्या खिशात टाकत होता.

माझ्या लक्षात आलं. पण लक्षात येऊनही काय करता? काहीच वाटलं नाही.

एवढ्यात कोस्ताशेठ आला. त्याने ताटं पाहिली. भरलेली, उकरलेली, थापलेली, पण भरलेली. त्याच्या मिशा खाली आल्या हो! “मास्तर, क्या हुआ? नमक कम? नमक ज्यादा?” तो बिचारा हात जोडून म्हणाला, “सब साफ है. मटन नहीं, अंडा नहीं, दूध-मक्खन भी नहीं. मेरा उपास है ना. चालीस दिन, ईस्टर तक. पूरा किचन में उपास!”

वकीलसाहेब खदखदून हसले. “चाळीस दिवस! पाहिलंत मास्तर? युरोपातसुद्धा अंधश्रद्धा आहे!”

तेव्हा मथुरेने मान वर केली. वरणगावकर खोटं नव्हते बोलत. करते ती मान वर. म्हणाली, “कोस्ताशेठ, खाना अच्छा ही होगा. हमने खाया कहाँ? मेरी आज एकादशी है.”

बाहेर एक टांगा गेला, त्याचे घुंगरू मोजता आले असते. मी मनात म्हटलं, गेलं हेही स्थळ. आणि तेवढ्यात पदराच्या आतून आवाज आला, “मन्हीबी शे,” आणि पदर मोकळा झाला तसे टेबलावरून वाल घरंगळत वकीलसाहेबांनी टेबलावर काढून ठेवलेल्या पागोट्यापर्यंत गेले. मी काटा खाली ठेवला. मगनने, काही न बोलता, खिशातली फळं एकेक करून बशीत परत ठेवली. मथुरा त्याच्याकडे पाहत होती. मग कोस्ताशेठ टेबलाला वळसा घालून वकीलसाहेबांच्या मागे गेला, ती पावाची टेकडी न्याहाळली, आणि अत्यंत प्रेमाने विचारलं, “वकीलसाब... आपका भी?”

“मला... जरा पित्त आहे,” वकीलसाहेब म्हणाले.

कोस्ताशेठ असा हसला, असा हसला, की भिंतीवरचं घड्याळ हललं! आत जाऊन केळ्यांचा अख्खा फणा घेऊन आला, खजूर आणले, भाजलेले शेंगदाणे आणले, आणि आमच्याबरोबरच खुर्ची ओढून बसला. आणि तुम्हाला सांगतो, जेवलो हो आम्ही! ही पदर मागे सारून शेंगदाणे सोलू लागली. सगळ्यांत जास्त केळी कुणी खाल्ली? पित्तवाल्यांनी! साली अशा रचल्या त्यांनी, की पलीकडे बसलेला मगन दिसेना. मला वाटलं, जमलं! आता सगळ्यांना सगळं माहीत. आता लपवायचं काय उरलं?

उरलं होतं. वकीलसाहेबांनी हात पुसले, आणखी एक केळं सोलायला घेतलं, आणि गंभीर आवाजात म्हणाले, “मास्तर, मुलगी गुणी आहे. पण स्पष्ट बोलतो. जुन्या वळणाची आहे. एकादशी करते. आमच्यासारख्या सुधारलेल्या घरात... आपण सुज्ञ आहात.”

केळं हातात होतं हो! अर्धं सोललेलं!

मगन म्हणाला, “बाबा—”

“मगन, गाडीची वेळ झाली.”

मगन उठला. मथुरेकडे त्याने पाहिलं, तोंड उघडलं, आम्हा सगळ्यांना वाटलं आता बोलणार... त्याने टोपी घातली आणि गेला.

म्हणजे पाहा, दोंडाईच्याला ती फार सुधारलेली, धुळ्याला फार जुनी. ह्या दोन गावांच्या मधोमध कुठे तिचं घर असेल, ते नकाशात शोधायचं का?

आम्ही पायी निघालो. वाटेत मथुरा म्हणाली, “नाना, मी मुद्दामच बोलले. माझ्या मनात भरला होता तो. म्हटलं, आपण खरं बोललो तर तोही बोलेल. खिसा रिकामा केला तेव्हा वाटलंही, बोलला...” आणि हसली. मुलगी दाखवून परतताना ती आजवर कधी हसली नव्हती. पण ते हसू मधेच कुठेतरी अडलं, आणि तिने लहानपणी धरायची तसं माझ्या उपरण्याचं टोक धरलं. इतकी घरं फिरलो, इतक्यांनी तिला पाहिलं. तिच्या मनात कोण आहे, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. छातीत काहीतरी हललं माझ्या. काय ते ओळखता येईना. फार दिवसांत गाठ नव्हती ना! उपरणं तसंच राहू दिलं आणि चाल हळू केली.

मागून हिने विचारलं, “अहो, आते काय?”

मी म्हणालो, “आता काय असणार? उद्या द्वादशी.”