खांद्यावरचं वासरू

यशवंत : शहाण्णव साली एक पत्र आलं होतं, मैथिली. त्याला मी उत्तरच दिलं नाही.

मैथिली : नऊ वर्षं? आणि ते इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गलाही बरोबर आणलंत, बाबा?

यशवंत : वाचत असेन त्या पुस्तकात ठेवतो, खूण म्हणून. देवानंद नावाचा एसटीतला कंडक्टर. लिहितो, ‘सर, चराईकराच्या लढ्यावरच्या तुमच्या पुस्तकात आहे की तीस साली करंजखोऱ्यात पहिला दगड माझ्या आजोबांनी, दत्तांनी मारला, म्हणून पोलिसांनी गोळ्या घातल्या. माझी आई द्रौपदी तेव्हा सात वर्षांची होती. ती म्हणते, दगड कुणीच मारला नाही. आजोबांच्या खांद्यावर वासरू होतं.’

मैथिली : वासरू?

यशवंत : लोकांनी कर भरायचं नाकारलं, तेव्हा सरकारनं गुरं कोंडवाड्यात घातली. लोकांनी कुलूप फोडलं आणि आपापली जनावरं घेऊन पळाले. मला वाटलं, लहान मुलीची आठवण ती. आणि इकडे कलेक्टरचा सहीशिक्क्याचा रिपोर्ट.

मैथिली : म्हणजे गोळ्या घालणाऱ्यांचाच.

यशवंत : ...हो. माझं पुस्तक दाखवून स्मारक समितीनं हुतात्मा स्तंभावरून दत्ताचं नाव वगळलं. यंदा पंचाहत्तर वर्षं झाली. नवा स्तंभ उभा राहतोय, महिनाअखेर नावं कोरणार. माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं, मोहननं, बातमीचं कात्रण पाठवलंय. म्हणून तर तुला इथल्या त्या मिशनच्या आर्काइव्हमध्ये पाठवलं. तेव्हा आपल्याकडे दवाखाना चालवणाऱ्या जर्मन नर्सची पत्रं... मिळालं काही?

मैथिली : टाइप केलेली प्रत मिळाली. बसा तुम्ही आधी. आल्झो, तर ऐका... ‘दुपारी बैलगाड्यांतून सात जण आणले. एकाचा जबडा बंदुकीच्या दस्त्यानं फोडला होता. पडलेले दात त्यानं मुठीत जपून आणले होते.’ बाबा, थांबू?

यशवंत : नको. वाच.

मैथिली : ‘एका बाईची मांडी गोळीनं फाटली होती. क्लोरोफॉर्म संपलं, तिला चौघांनी दाबून धरलं. शेवटचा माणूस पालथा आणला. गोळी पाठीतून शिरली होती. चिमट्यानं हाडाचे नऊ तुकडे काढले. ते माणसाचे नव्हते. जखमेत तांबडे केस होते. आणणारे म्हणाले, याच्या खांद्यावर वासरू होतं, गोळी त्याच्यातून आली. दोन्ही मुठी त्यानं इतक्या आवळल्या होत्या, की मेल्यावरही मला उघडता आल्या नाहीत. नाव, दत्ता.’

यशवंत : वासराचे पाय धरले असणार. दोन्ही हातांनी.

मैथिली : गेनाऊ, अगदी बरोबर. मग दगड कुठल्या हातानं मारला त्यांनी?

यशवंत : मी छापलं, मैथिली. ‘हिंसक जमावाचा म्होरक्या.’ एवढी वर्षं पोरं तेच पाठ करून पास होतायत.

मैथिली : मग लिहा आता.

यशवंत : एखादा दुसरा पुरावा मिळाला असता तर... एकच नर्स ती. पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकावी का?

मैथिली : अहो बाबा, कलेक्टर किती होते?

यशवंत : ...एकच.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीपाशी.)

मैथिली : स्मारक समितीचं पाकीट पेटीत पडलं. आता हे. काय लिहिलंत?

यशवंत : चार पानं लिहिली होती, फाडली. सगळी माझ्याबद्दलच झाली होती. आता एवढंच : ‘द्रौपदीबाई, तुम्ही खरं सांगितलंत. मी खोटं छापलं. तुमच्या वडिलांच्या खांद्यावर वासरू होतं. नर्सच्या पत्राचं भाषांतर सोबत आहे.’

मैथिली : देवानंदच्या नावानं नाही?

यशवंत : साक्ष त्यांची होती ना. ब्याऐंशीच्या असतील आता. असतील ना गं?

मैथिली : माहीत नाही, बाबा. पावणेबाराला पेटी उघडतात, पाचच मिनिटं राहिलीत.

यशवंत : आणि नऊ वर्षं काय करत होतात, असं त्यांनी विचारलं तर?

मैथिली : तर त्याचंही उत्तर द्या. लगेच. बाबा, अर्धं पाकीट अजून बाहेर आहे. सोडा आता.

यशवंत : सोडलं.