मागची दोन चाकं

हॅलो?… हो, मीच, राडोय्को. बोला विहीणबाई, संत निकोलाच्या सणाच्या शुभेच्छा!… अहो, रडताय काय?… स्टाना? काय झालं माझ्या पोरीला?… थांबा, सावकाश… आज सकाळी? घाटात?… वळणावर गाडी फिरली आणि नाल्यात… आणि ती?… नुसता हात ना? डोक्याला नाही ना काही?… प्लास्टर घालून घरी आणलीत. आणि वेल्को?… खरचटलं तेवढंच. देवा, वाचवलंस रे.

…माफी कसली मागताय तुम्ही?… अहो, ऐका तर… नाही, तुमचा लेक बेफाम नाही चालवत. जावई म्हणून नाही सांगत… हो, बर्फाचे टायर मीच बसवले, मंगळवारी… नवे? हो… म्हणजे, होते नवे.

काय म्हणाले हेडमास्तर?… शाळेची बस आता त्याच्या हातात देणार नाही?… जेवायला आलेत? तिथेच बसलेत?… हो, सण तो सण, पाहुणे परत कसे पाठवणार… आणि वेल्को काय म्हणाला?… काहीच नाही? मान खाली घालून माशाचं सूप वाढतोय…

विहीणबाई… नाही, 'तुमच्यासारख्या जाणकाराने बसवलेले' असं नका म्हणू. मेल्याहून मेल्यासारखं होतंय… अहो, नवे फक्त पुढे होते. मागे जुने. गुळगुळीत. बर्फात टायरवर चार मिलिमीटर खोल नक्षी लागते, दोनसुद्धा नव्हती… का म्हणजे? तिच्यासाठी चारही आणले होते हो. बेलग्रेडचा एक साहेब आला, बर्फावर खेळायला निघालेला, घाईत. दोन त्याला दिले. म्हटलं, गाडी पुढून ओढते, पुढे नवे असले की बास. मागचे पुढच्या आठवड्यात बघू, घरचंच तर गिऱ्हाईक!… माहीत होतं, सगळं माहीत होतं! तीस वर्षं लोकांवर ओरडतोय, चार घाला नाहीतर घरी बसा. पुढची पकडतात, मागची सुटतात, गाडी गर्रकन फिरते… आणि अजून एक… त्या जुन्यांना काळं पॉलिश मारलं. स्टानाला कळू नये म्हणून… हो. पोटच्या पोरीला फसवलं. तोंड दाखवायची लाज वाटते.

…फोन मोठ्या आवाजावर ठेवा… ठेवा म्हणतो ना!… हॅलो? गुरुजी, मी राडोय्को, टायरवाला. चूक माझी आहे. पोराचा काही दोष नाही… हो, मागचे दोन्ही. साऱ्या गावाला सांगा, माझं दुकान बसलं तरी चालेल. बस मात्र त्याच्याकडेच राहू द्या… राहील? उपकार झाले.

…कोण? वेल्को?… तू पाहिलं होतंस?… गाडी वर काढताना टायरवर बोट फिरवलंस… पॉलिश हाताला लागलं… आणि आईलाही बोलला नाहीस? अरे, का रे?… 'तुम्ही स्टानाचे वडील'… नको रे, असं नको बोलू.

…ती बोलावतेय? मला?… येतो बाळा, आत्ता निघतो… बसने… नाही, माझी गाडी नको… अरे, बर्फाला काय घाबरायचंय… कसं सांगू तुला… माझ्या गाडीचेही मागचे तसेच आहेत.