एका पुस्तकाची दोन कार्डं

शालन : पुन्हा टाइप कर. ‘कासार’.

अफशीन : तीनदा केलं, ताई. शून्य पुस्तकं.

शालन : मैना कासारांची सात पुस्तकं मागच्या कपाटात आहेत. कपाटाला माहीत आहे, मला माहीत आहे. तुझ्या सर्चला तेवढं माहीत नाही.

अफशीन : अख्खं नाव टाकलं की येतात. ‘मैना रंगराव कासार’. बघा, सात!

शालन : सदाशिव पेठेतला वाचक अख्खं नाव सांगत नाही. ‘ते कासारबाईंचं द्या, हिरव्या कव्हरचं,’ म्हणतो. आणि अकराला वाचनालयाचे अध्यक्ष येतायत. तू केलेलं हे चाललं नाही तर बाहेरचं तयार पॅकेज घेणार. त्यात पुस्तक, लेखक, संपलं. सव्वीस वर्षं मी पुस्तकापुस्तकावर लिहिलेल्या टिपांना त्यात जागाच नाही.

अफशीन : माहीत आहे, ताई! नक्की स्कीमात काहीतरी झालंय. म्हणजे कुठला रकाना कसा शोधायचा, ते शोधणाऱ्या इंजिनला सांगणारी फाइल.

शालन : तिचा प्रत्येक बदल गिटमध्ये जपलेला असतो, तूच म्हणालीस. मग मागे जा.

अफशीन : जपलाय ना. एकतीस बदल आहेत.

शालन : नोंदी वाच.

अफशीन : नको, ताई.

शालन : वाच.

अफशीन : ‘फिक्स’. ‘फिक्स टू’. ‘फायनल’. ‘नक्की फायनल’. ‘सॉरी’.

शालन : वा. इतिहास लिहावा तर असा.

अफशीन : एकेक उघडून तपासायचं तर दुपार होईल!

शालन : ते खालचं खोकं दे इकडे.

अफशीन : ही तर रद्द झालेली कार्डं.

शालन : पाठकोरी आहेत. तू बदल केलास की वाचकांनी जे मागितलं ते मी शोधून बघायची आणि मागे पेन्सिलीने लिहायची. तारीख, वेळ, किती सापडली, सही. हं. बुधवार, चार दहा. ‘कासार’, सात.

अफशीन : सात! आणि पुढचं कार्ड?

शालन : बुधवार, साडेपाच. ‘इनामदार’, शून्य. अगं बाई! मला वाटलं, देणगीतली पुस्तकं आहेत, अजून चढली नसतील. आणि काल गुरुवार, दिवसभर वीज नव्हती.

अफशीन : चार दहा ते साडेपाच... ताई, यात एकच बदल आहे! नोंद, ‘आमोदसरांसाठी’.

आमोद : (वाचनालयाचे सचिव, दारातून) माझं नाव कशात घेताय?

अफशीन : सर, लेखकांच्या यादीत ‘मैना’ वेगळं, ‘रंगराव’ वेगळं, ‘कासार’ वेगळं दिसत होतं. आठवतंय?

आमोद : न आठवायला काय झालं? लेखकांची यादी होती की बारशाची?

अफशीन : म्हणून मी इंजिनला सांगितलं, नावाचे तुकडे करू नकोस. यादी मस्त झाली आणि आडनावावरून शोधणंच बंद पडलं! तेवढा एक बदल मागे घेते. बाकीचे तीस जागच्या जागी राहतील.

आमोद : म्हणजे अध्यक्षांसमोर पुन्हा बारसं?

अफशीन : एक तर यादी, नाहीतर शोध, सर.

शालन : का बरं? मी एका पुस्तकाची दोन कार्डं करतेच की. एक लेखकाच्या खणात, एक विषयाच्या. पुस्तक एकच. तशी नावाची दोन कर.

अफशीन : ताई! दोन रकाने! एकात अख्खं नाव, यादीसाठी. दुसऱ्यात त्याचीच कॉपी, तुकडे केलेली, शोधासाठी. अहो, हे असंच करतात! मला कसं सुचलं नाही?

शालन : तू ‘सॉरी’ लिहिण्यात गुंतली होतीस.

अफशीन : झालं, दोनच ओळी! आता बेचाळीस हजार पुस्तकं इंजिनात पुन्हा लावायची. दहा हजार... सतरा...

आमोद : अध्यक्षांची गाडी खाली लागली. मी जिन्यात गाठतो त्यांना. गुडघ्यांची चौकशी केली की पाच मिनिटं सहज जातात.

अफशीन : अडतीस... एकेचाळीस... झाली! ‘कासार’. सात! सात, ताई! आणि यादीत नाव अख्खं! खाली तुमची टीपसुद्धा आहे. ‘पहिली तीस पानं कंटाळवाणी, पुढे सोडवत नाही.’

शालन : खरंच आहे ते. ऊठ, खुर्ची दे त्यांना.

(पाऊण तासाने. अध्यक्ष गेले आहेत.)

आमोद : स्वतःच आडनावं टाकत बसले की हो! पॅकेज नको म्हणाले. टिपांसकट हेच चालू ठेवा. आणि ते तीस कंटाळवाण्या पानांचं पुस्तक घरी घेऊन गेले.

शालन : चौदा दिवसांत परत आणायला सांगितलंत ना?

अफशीन : ताई, आता गिटमधली नोंद. या वेळी नीट लिहिते. कारण काय लिहू?

शालन : ‘एका नावाची दोन कार्डं. यादीसाठी एक, शोधासाठी एक. आडनावावरून पुस्तक मिळेना म्हणून.’

अफशीन : आणि बदल कोणी सुचवला?

शालन : तुझंच नाव टाक. मी तीस तारखेला निवृत्त होतेय.

अफशीन : सही नसलेल्या कार्डावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला कोणी शिकवलं?

शालन : ...बरं. लिही. शालन त्र्यंबक खरे. अख्खं लिही, नुसतं ‘शालन’ शोधलं तरी आता सापडेन मी.